मुठा ते भीमा: नदीकाठचे पडके पूल, बंधारे, घाट ओळखायचे कसे, मोजायचे कसे?

गाडीवाट (धागाकर्ता)

मे महिना आला की पात्रं उघडी पडतात आणि पाठोपाठ 'पेशवेकालीन पूल सापडला' असे फोटो फिरायला लागतात. एखादा खरंच जुना पूल असतो. बाकी बंधारे, पाणीयोजनेच्या विहिरी, मोटेची बांधकामं, नाहीतर तीसचाळीस वर्षांपूर्वी वाहून गेलेल्या फरशीपुलाचे तुकडे. म्हणून हा धागा एकाच कामासाठी काढतोय. खडकवासल्याखालची मुठा, मग मुळा-मुठा, रांजणगाव सांडसला ती भीमेला मिळते तिथून पुढे उजनी धरणाचा फुगवटा (मागे साठलेलं पाणी), एवढ्या पट्ट्यात काठावर जे दगडी-लोखंडी उरलंय ते नेमकं काय आहे हे कसं ठरवायचं?

सुरुवात मी करतो. पाण्यात बघू नका, आधी दोन्ही काठ बघा. पूल वाहून जातो, त्याच्याकडे येणारा रस्ता राहतो. चाकांनी खोल झालेली वाट, दरड कापून काढलेला उतार, दोन्ही तीरांवर समोरासमोर म्हसोबा किंवा मारुती, मोडकी धर्मशाळा, जुन्या झाडांची अर्धवट उरलेली रांग. यातल्या दोन-तीन गोष्टी एका रेषेत आल्या की ती ओलांडायची जागा समजा.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. उतार, म्हणजे पाण्यातून चालत किंवा गाडीने नदी ओलांडायची जागा, असतो जिथे पात्र रुंद आणि उथळ असतं तिथे. पूल बांधणाऱ्याला हवं असतं उलटं: अरुंद पात्र, उंच काठ, उघडा खडक. त्यामुळे जुना रस्ता सरळ पाण्यात उतरतो आणि पुलाचा रस्ता काठाजवळ येऊन ऐनवेळी वळतो. असं वळण दिसलं की एकाच ठिकाणी दोन काळांची ओलांडणी हाती लागते. फक्त पूल शोधणारे उताराच्या पायऱ्या तुडवून पुढे जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

कागदाचं काम आधी करा. भूमी अभिलेखचा गावनकाशा घ्या आणि नदीला भिडून संपणारी गाडीवाट शोधा, मग पलीकडच्या गावाचा नकाशा जोडून तीच वाट पुढे चालू होते का बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची (इंचाला एक मैल) पत्रकांवर उतार आणि नावेच्या जागा लिहिलेल्या असतात. नव्या १:५०,००० पत्रकांवरून त्यातल्या बऱ्याच गळाल्या आहेत. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटिअर काढून रस्त्यांचं प्रकरण वाचा, पुलांची लांबी-रुंदी आणि खर्चसुद्धा मिळतो.

चुनखडी

धागा हवाच होता. पण कागद आधी, दगड नंतर हा क्रम मला पटत नाही. नकाशात नाव वाचलं की माणसाला दगडात तेच दिसायला लागतं. आधी डोळा तयार करा, आणि त्यासाठी पुण्याइतकी सोयीची नदी दुसरी नाही, कारण बांधणीचं साल ठाऊक असलेली कामं एका रांगेत उभी आहेत. बंडगार्डनचा जमशेटजी जिजीभाईंचा बंधारा १८५० चा. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल १८६० च्या दशकाच्या शेवटचा. संगमाचा पूल १८७५ चा. त्याच्या आधी तिथे लाकडी होता. शिवाजी पूल, म्हणजे आधीचा लॉइड ब्रिज, म्हणजे पुणेकरांचा नवा पूल, १९२३ चा. ठेकेदार रावबहादूर गणपतराव केंजळे. या चार ठिकाणी एक सकाळ घालवा आणि चार गोष्टी बघा: दगडाच्या तोंडावरची छिन्नी, थरांची उंची, सांध्याची जाडी आणि खांबाच्या नाकाचा आकार. मग अनोळखी अवशेषापुढे उभे राहा.

आता दगड कसा वाचायचा ते.

काढणी. दगडाच्या कडेला ओळीने चौकोनी खाचा दिसल्या तर तो पाचरी ठोकून फोडलाय. ही पद्धत आजही चालते, तेव्हा त्यावरून काळ ठरत नाही. पण दगडावर अर्ध्या नळीसारखी सरळ गोल खोबण असेल तर ती सुरुंगाच्या भोकाची. असा दगड आपल्या पट्ट्यात सहसा एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा.

तोंड. सरकारी कामात समोरच्या घडीव दगडाला खांडकी म्हणतात. कडांना पट्टी छिन्नीने साफ केलेली, मधला भाग फुगीर सोडलेला, थरांची उंची सारखी, आणि ठरावीक अंतरावर भिंतीत खोल गेलेला बांधणीचा दगड. आधीच्या कामात थर कमी-जास्त उंचीचे असतात, पण सांधा कित्येकदा इतका घट्ट की त्यात नख शिरत नाही. त्यामुळे 'बारीक सांधा म्हणजे इंग्रजी' हा समज उलटा आहे.

चुना. सांध्याचं तोंड बघून काहीही ठरवू नका. दर दुरुस्तीला सांध्यांची तोंडं सिमेंटने भरतात, म्हणून वरून सगळंच करडं दिसतं. पडलेल्या भागात सांधा पाच-सात सेंटीमीटर आतून बघा. चुना पांढुरका, खिळ्याने खरवडला जातो, आणि आत न विरलेल्या चुन्याचे पांढरे दाणे असतात. विटांची भुकटी म्हणजे सुरकी घातलेली असेल तर गुलाबी छटा. सिमेंट करडं आणि टणक, खिळा घसरतो. आम्ल टाकून बघायचा सल्ला बरेच जण देतात. तो निरुपयोगी आहे, कारण चुनाही फसफसतो आणि सिमेंटही. शिवाय जुन्या दगडावर डाग राहतो तो राहतोच.

घाणी. पुलापासून शे-दोनशे पावलांवर, पुराच्या रेषेच्या वर, गोल दगडी चर दिसतोय का बघा. चुना मळायची घाणी असते ती. कधी दगडी चाकही तिथेच पडलेलं असतं. घाणी सापडली तर काम मोठं होतं आणि चुन्यातलं होतं, एवढं नक्की. जनावरांच्या गोठ्यात पाण्याची डोणी म्हणून उचलून नेलेले घाणीचे दगडही सापडतात.

आणि एक दगड म्हणजे तारीख नव्हे. पडक्या वाड्याचे, देवळाचे दगड बंधाऱ्यात सर्रास वापरलेत. नक्षीचा दगड उलटा किंवा आडवा बसवलेला असेल तर तो दुसरीकडून आलाय.

नवाभटक्या

खूपच उपयोगी. लगेच एक प्रश्न. पुण्याच्या खाली, मुळा-मुठेच्या पात्रात ओळीने दगडी खांब उभे आहेत. दोन खांबांत जेमतेम दोन मीटर अंतर. खांबांना उभ्या खाचा आहेत. वर काही नाही. गावात पेशव्यांचा पूल म्हणतात. फोटो चढत नाहीये.

गाडीवाट

फोटोची गरज नाही. खाच एकेरी आहे की दुहेरी?

नवाभटक्या

दुहेरी. दोन खाचांत वीतभर, थोडं जास्त अंतर असेल.

पाणसळ

मग कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. केटी वेअर. दोन खाचांत बर्ग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन रांगा बसवायच्या आणि मधल्या जागेत माती ठासायची, म्हणजे पाणी गळत नाही. पावसाळा संपता संपता बर्गे घालतात, जूनच्या आधी काढतात. काढायला उशीर झाला आणि पहिला पूर आला की पाणी बाजूने काठ कापून जातं. खांब जागेवर, नदी शेजारून, अशी कित्येक बंधाऱ्यांची अवस्था त्यामुळेच आहे. तुमच्या खांबांच्या एका टोकाला काठ आत सरकलेला दिसतोय का बघा.

पुलाला दोन मीटरच्या गाळ्यांनी (गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा) कुणी खांब घालत नाही. पुरात वाहून येणारं झाड त्यात अडकलं की पूलच बंधारा होतो. जुन्या दगडी पुलांचे गाळेसुद्धा याच्या दुपटी-तिपटीने आणि जास्त असतात.

ओळखायची अजून एक खूण: खांबाचं नाक. पुलाच्या खांबाला प्रवाहाच्या वरच्या अंगाला टोकदार किंवा अर्धगोल नाक असतं. खालच्या अंगालाही कित्येकदा असतं. बंधाऱ्याच्या खांबाला खालच्या अंगाने तिरका उतार असतो, कारण त्याला एका बाजूने पाण्याचा रेटा सोसायचा असतो.

चुनखडी

आणि खांबांखाली सलग फरसबंदी, तिच्या खालच्या टोकाला पायरीसारखा थर असेल तर बंधाऱ्याची खात्री पक्की. मात्र बऱ्याच बंधाऱ्यांवरून पायवाट किंवा गाडीरस्ताही होता, त्यामुळे गावाची आठवण अगदीच खोटी नाही. पेशवे तेवढे काढून टाका.

रूळवेडा

रेल्वेच्या अवशेषांबद्दल मी लिहितो. या पट्ट्यातला मोठा मासला म्हणजे डिकसळ. पुणे ते डिकसळ मार्ग डिसेंबर १८५८ मध्ये सुरू झाला आणि पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, १८५९ मध्ये. उजनीच्या फुगवट्यात जुना मार्ग जाणार म्हणून रूळ दुसरीकडून नेले आणि भीमेवरचा जुना पूल इंदापूर-करमाळा वाहतुकीला मिळाला. काही भाग खचल्यावर त्यावर अवजड गाड्यांना बंदी आली.

रूळ नसताना रेल्वेचा पूल कसा ओळखायचा? पूल नंतर बघा, भराव बघा. रेल्वेचा भराव लांबलचक, एकसारख्या मंद चढाचा, वळण आलंच तर मोठ्या त्रिज्येचं. बैलगाडीचा रस्ता नदीपाशी येऊन धाडकन उतरतो, गाडीला ते चालायचं. इंजिनाला चालत नाही. भरावाच्या दोन्ही बाजूंना लांब, उथळ खड्ड्यांची रांग दिसेल. माती तिथूनच उचललेली असते, आणि उन्हाळ्यात शेतं सुकली तरी या खड्ड्यांत हिरवं गवत टिकतं. उपग्रह चित्रात ती हिरवी रांग भरावापेक्षा आधी दिसते.

मग खांबाचा माथा. लोखंडी गर्डर असतील तर माथ्यावर मोठे सपाट घडीव दगड, बेडस्टोन, आणि त्यांत बोल्टची भोकं. भोकांच्या जोड्यांमधलं अंतर मोजलं की गर्डर किती लांब-रुंद बसत होते ते कळतं. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज: आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची ७६२. पण भोकांचं अंतर म्हणजे गेज नव्हे, गर्डर रुळांच्या बरोबर खाली असतीलच असं नाही. यात भलेभले फसतात.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे रुळाचा तुकडा. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठवलेलं असतं. ते वाचून लोक पुलाचं साल जाहीर करतात. मोडीत काढलेले रूळ कठड्याचे खांब, विजेचे खांब, फाटकाची चौकट म्हणून कुठेही वापरले जातात. त्यावरचं साल फक्त एवढं सांगतं की हे काम त्याच्या आधीचं नाही.

चालू मार्गाच्या पुलावर पाय ठेवू नका. रेल्वे कायद्यात तो गुन्हा आहे, आणि बाजूला उभं राहायला जागाही नसते.

भीमाकाठ

उजनीकडे यायचं तर तारखेने येऊ नका, पाणीपातळीने या. धरणाची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. मृतसाठा ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट), उपयुक्त ५३.५७. बातम्यांत जी 'उणे टक्केवारी' येते ती उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने. म्हणजे उणे ३० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातून सुमारे १६ टीएमसी गेलं, एकूण साडेसत्तेचाळीसच्या आसपास उरलं. २०२४ च्या जूनमध्ये उणे साठाच्या काठावर गेलं होतं.

पण टक्के धरू नका, मीटर धरा. पळसदेवचं देऊळ, कुगावचा इनामदार वाडा, जुने रस्ते, घाट, प्रत्येकाची उंची वेगळी. देवळाचं शिखर आधी दिसतं, पायथ्यापर्यंत चालत जायला पाणी बरंच उतरावं लागतं. एक सोपी युक्ती: ज्या दिवशी पाण्याची कड एखाद्या जोत्याला बरोबर टेकते, त्या दिवशीची जाहीर पातळी म्हणजे त्या जोत्याची उंची. फोटोवर तारीख असली की झालं. जलाशय म्हणजे फुकटातला लेव्हल पाइप, गवंड्याची समपातळी बघायची पाण्याची नळी. एका उन्हाळ्यात अशा नोंदी करत गेलं तर पुढच्या वर्षी घरबसल्या सांगता येतं की आज कोणता अवशेष उघडा आहे.

ही युक्ती कधी फसते? एक, दौंडकडून पाणी येत असेल तेव्हा. फुगवट्याच्या वरच्या टोकाला पाणी वाहतं असतं आणि तिथली पातळी धरणापाशी मोजलेल्या पातळीपेक्षा जास्त असते. दौंडचा विसर्ग शून्याच्या जवळ असेल तेव्हाच्याच नोंदी धरा. दोन, वारा जोरात असेल तेव्हा, कारण लाट जोत्यावर चढते. पहाटेची नोंद सगळ्यांत भरवशाची.

आता धोके, आणि हे वाचल्याशिवाय कुणी येऊ नये.

गाळ वरून तडे जाऊन वाळलेला दिसतो, खाली मऊ असतो. हातात पाच-सहा फुटी काठी, प्रत्येक पावलाआधी टोचायची. गुरांच्या खुरांचे ताजे ठसे जिथे असतील तिथूनच चाला.

जुन्या गावांच्या विहिरी पात्रात आहेत. कठडा पडलेला, तोंडावर गाळाची आणि जलपर्णीची साय. गाळावर गोल ओलसर डाग किंवा वर्तुळात उगवलेलं गवत दिसलं की लांबून जा. पडक्या वाड्याच्या आवारात तर विहीर असणारच हे धरूनच चाला.

होडी. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जण गेले. संध्याकाळची वेळ होती. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा दुपारनंतरच उठतो, तेव्हा पाण्यावरचं काम सकाळी दहा-अकराच्या आत आटपा आणि जॅकेट नसेल तर होडीत बसूच नका. नावाड्याला अनुभव आहे म्हणून वारा थांबत नाही.

गाडीवाट

भीमाकाठ, दंडवत घ्या. शहराकडच्या लोकांसाठी मी जोडतो: मुठेत खडकवासल्याचा विसर्ग बघूनच उतरा. अठरा-वीस हजार क्युसेकला पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो, पण अवशेष बघणाऱ्याला एवढी वाट बघायची गरज नाही. हजार-दोन हजार क्युसेकलासुद्धा पात्राच्या मधल्या खडकावरून परतीची वाट बंद होते. कालव्याच्या आवर्तनाचं पाणी वेगळं आणि नदीत सोडलेलं वेगळं, बातमी वाचताना गल्लत करू नका.

आणि जुन्या पुलावर गर्दीने चढायचं नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण दगावले. दगडी कमान वरून धडधाकट दिसली तरी तिचा जीव पायात असतो. महाडला सावित्रीवरचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या गाड्या आणि माणसं घेऊन गेला.

पाणसळ

पायाबद्दल थोडं सविस्तर, कारण पडका पूल का पडला हे ओळखणं अवशेष बघण्यातली सगळ्यांत रंजक गोष्ट आहे असं माझं मत.

पुराचं पाणी खांबाच्या नाकाला आपटून खाली वळतं आणि नाकाच्या बुडाशी तळ खणतं. म्हणून खड्डा वरच्या अंगाला, वाळूची रास खालच्या अंगाला. खांब पडतो तो बहुतेकदा वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, स्वतःच्या खड्ड्यात कलून. खांब खालच्या अंगाला आडवा झालेला दिसला तर पायाऐवजी वरून रेटा आला असं समजा: अडकलेली झाडं, किंवा पाणी कठड्यावरून गेलं.

कमानींच्या पुलात एक खांब गेला की शेजारच्या कमानी पण जातात, कारण त्या एकमेकींना रेटून उभ्या असतात. म्हणून लांब पुलांत दर चार-पाच गाळ्यांनंतर एक खांब मुद्दाम जाड बांधत. पडझड तिथे थांबते. पात्रात एकच जाड खांब आणि त्याच्या एका बाजूला शाबूत कमानी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं दृश्य दिसलं तर तो खांब आपलं काम करून गेलाय.

१२ जुलै १९६१ चं पानशेतचं उदाहरण घ्या. शहरातले बाकीचे पूल पाण्याखाली गेले, बंडगार्डनचा वर राहिला. शिवाजी पुलावरून पाणी गेलं तरी कमानी टिकल्या. पाणी वरून गेलं म्हणून पूल पडतोच असं नाही; पाया खडकावर असला की बराचसा मार कठडा खातो. म्हणून जुन्या पुलांवर कठडा नंतरच्या काळातला आणि खालची कमान मूळची, ही जोडी नेहमी दिसते. कठड्यावरून साल ठरवू नका.

मोटकरी

पूल-बंधारे झाले, पण काठावरचं तिसरं बांधकाम राहिलं. मोट, बैलांनी पाणी उपसायची. पेडगावच्या किल्ल्यात भीमेच्या अंगाला मोटेची मोठी बांधकामं आहेत, आणि ती बघून लोक 'पुलाचा पडका खांब' म्हणतात. खांब आणि मोटेचा बुरूज यांतला फरक सांगतो.

मोटेच्या बुरुजाला नदीकडे माथ्यावर दोन दगडी हात बाहेर आलेले असतात, किंवा ते मोडल्याच्या खाचा. त्यांत चाकाचा आस. मागे थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ती कुंडी, आणि थारोळ्यातून निघणारा पाट. त्याच्याही मागे धाव: बैल पाणी ओढताना उतरत जायचे तो उतार. धावेची लांबी पाण्याच्या खोलीइतकी, थोडी जास्तच, कारण बैल जेवढे चालतील तेवढीच मोट वर येणार. म्हणजे धाव मोजली की त्या काळी पाणी किती खाली होतं याचा अंदाज येतो. नाडा आणि सोल असे दोन दोर. कडेच्या दगडावर दोरांच्या घळी पडलेल्या असतात. बोट फिरवून बघा, दोन वेगवेगळ्या रुंदीच्या लागतील.

टेपमाप

मोजणी. सामान: ३० मीटर फायबर टेप, १० मीटर पारदर्शक लेव्हल पाइप, ओळंबा, ५० सेंटीमीटरची काळी-पांढरी पट्टी, वही. लेसरमापक वापरलंत तर त्याचा ठिपका भर उन्हात वीस मीटरवर दिसत नाही, पांढरा पुठ्ठा समोर धरा नाहीतर सूर्य कलल्यावर मोजा.

लेव्हल पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दोन-तीन सेंटीमीटरची चूक येते. पाइप भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का बघा, मगच नेऊन लावा. आणि मोजताना टोकावरचा अंगठा काढा. हसू नका, हीच चूक सगळ्यांत जास्त होते.

कमानीची त्रिज्या: गाळ्याची रुंदी मोजा, कमान जिथून उचलते त्या ओळीपासून माथ्यापर्यंतची उंची मोजा. रुंदीचा वर्ग भागिले आठपट उंची, अधिक अर्धी उंची. गाळा ९ मीटर, उंची सव्वादोन मीटर, तर ४.५ अधिक १.१२५, म्हणजे त्रिज्या ५.६२५ मीटर. उंची गाळ्याच्या बरोबर निम्मी आली तर कमान अर्धवर्तुळ.

गाडीवाट

जुने नकाशे राहिलेच होते. उजनीच्या आधीचं पात्र बघायचं असेल तर दोन गोष्टी. अमेरिकन लष्कराची १:२,५०,००० ची नकाशामालिका टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात फुकट आहे, जुना रेल्वेमार्ग त्यावर दिसतो. आणि १९६० च्या दशकातली करोना हेरगिरी उपग्रहांची चित्रं, यूएसजीएस या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर. चांगल्या चित्रात दोन-तीन मीटरची वस्तू ओळखू येते. आधी कुणी मागवलेलं चित्र फुकट उतरतं, नवं हवं तर पैसे पडतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना ही चित्रं कडेला ताणलेली असतात, तेव्हा पूर्ण पट्टी बसवायच्या नादी लागू नका. आपल्या गावाभोवतीचा तुकडा कापा आणि त्यातच आठ-दहा खुणा घ्या. खुणा म्हणून देवळं, टेकडीवरची जुनी गढी, न हललेले रस्त्यांचे तिठे. नदीचा काठ खूण म्हणून कधीच नाही.

लँडसॅटची १९७० च्या दशकातली चित्रं यात कामाची नाहीत, त्यात पुलाची रुंदी एका ठिपक्याएवढीही भरत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून वाचतोय. इथे पणजी-रायबंदर दरम्यानचा लिन्हारेसचा पूल १६३३-३४ चा, तीनेक किलोमीटर, अजून वापरात. तुमच्याकडचं बरंच जुळतं, पण चिऱ्याला (जांभा दगडाला) छिन्नीच्या खुणा टिकत नाहीत, आणि पाणीपातळीऐवजी ओहोटीचं कोष्टक बघावं लागतं. अमावास्या-पुनवेच्या ओहोटीलाच खालचे थर दिसतात, आणि हाताशी वेळ थोडा असतो. कालवं (खाडीतले शिंपले) चिकटलेल्या थराची वरची रेषा म्हणजे साधारण भरतीची नेहमीची पातळी, ती मोजणीला धरता येते.

चुनखडी

ही कालवांची युक्ती छान. आमच्याकडे तिची जागा पुराच्या गाळाच्या रेषा घेतात, पण त्या दर मोठ्या पुराला पुसून नव्या होतात.

सापडलेल्या वस्तूंबद्दल एक ओळ: नाणी, मूर्ती, ताम्रपट काही दिसलं तर हलवू नका. जागेवरच फोटो घ्या आणि तहसील कार्यालयाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दगड सरळ करून फोटो काढायचीही हौस नको, पडलेला दगड कुठे आणि कसा पडलाय यावरच पाणसळ यांनी लिहिलेलं सगळं उभं आहे.

नवाभटक्या

काठ एका बाजूला आत गेलेला आहे, आज बघितलं. पेशवे रद्द. अजून एक विचारतो. त्याच पट्ट्यात वर एका ओढ्याच्या तोंडाशी कमानीचा नुसता बुडाचा तुकडा उरलाय, तीन-चार दगड. गाळ्याची रुंदी कशी काढणार? पलीकडचा खांबच नाही.

टेपमाप

उरलेल्या वक्रावर दोन टोकांना दोरी ताणा, दोरीची लांबी मोजा, मग दोरीच्या मधोमध वक्र किती आत गेलाय ते मोजा. सूत्र तेच. दोरी २ मीटर आणि मधली खोली १० सेंटीमीटर, तर त्रिज्या ५.०५ मीटर. पण सांभाळून: खोली १० ऐवजी ९ वाचलीत तर त्रिज्या ५.६० होते. एका सेंटीमीटरला अर्ध्या मीटरहून जास्त फरक. म्हणून तीन वेगवेगळ्या दोऱ्या घ्या, दगडाचं फुगीर तोंड सोडून कडेच्या साफ पट्टीवरच टेकवा, आणि उत्तर 'पाच ते साडेपाच' असंच लिहा.

दुसरी तपासणी: कमानीच्या दगडांचे सांधे त्रिज्येच्या दिशेने असतात. दोन सांध्यांवर सरळ पट्टी ठेवून रेषा वाढवा, त्या जिथे भेटतील तिथे मध्यबिंदू. तो कमान उचलते त्या ओळीवरच आला तर अर्धवर्तुळ, आणि गाळा म्हणजे त्रिज्येच्या दुप्पट. ओळीच्या खाली आला तर कमान चपटी, आणि मग मध्यबिंदू किती खाली आहे ते मोजल्याशिवाय गाळा सांगता येणार नाही. तीन-चार दगड आहेत म्हणताय तर सांधे दोन-तीन मिळतीलच. आकडे टाका इथे, काढून देतो.

नवाभटक्या

रविवारी जातो. दोरी सुतळी चालेल का?

टेपमाप

सुतळी ओली झाली की ताण बदलतो. गवंड्याची नायलॉन लाइनदोरी घ्या. आणि ओढ्यात उतरायच्या आधी वर पाऊस झालाय का ते विचारा.